प्रकाशचं गाणं

परवा भाचीनं मोबाईलवर तिनं स्वतः केलेलं रॅप ऐकवलं, अपघातात गेलेल्या मैत्रिणीवरचं. ऐकता ऐकता नागपूरच्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारातली पन्नास वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ समोर उभी राहिली.

आमच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवणारा प्रकाश काविळीनं गेला होता. त्याच्यावरचं गाणं मीच रचलं होतं आणि त्या संध्याकाळी शोकसभेत मलाच गायचं होतं. मेणबत्त्यांचा आणि उदबत्तीचा वास दाटला होता. समोर सतरंजीवर त्याची आई बसली होती. त्याचं नाव ऐकून ती कोसळेल, या धास्तीनं मी आयत्या वेळी गाण्यातलं नाव गाळलं आणि जिथे तिथे नुसतं ‘मित्रा’ म्हटलं. पेटीवर बोटं चुकत होती आणि ती एकटक माझ्या तोंडाकडे बघत होती. गाणं संपलं तशी ती उठून माझ्याजवळ आली.

“मी केव्हाची वाट पाहून राहिली गा,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्याचं नाव काहून नाही घेतलं?”

“तुमाले त्रास होईन म्हणून, मावशी.”

“घरात तं आता कोनीच त्याचं नाव घेत नाही. तू तरी घे.”

तेव्हा वाटलं होतं, मी तिला जपतोय. आज कळतं, भीती माझ्याच रडण्याची होती.

मी पुन्हा पेटी ओढली. पहिल्याच ओळीत मला रडू फुटलं, तरी शेवटपर्यंत गायलो. नाव आलं की दरवेळी ती डोळे मिटून मान हलवायची.