मासळीच्या पाण्यावर ब्रेक

गुडघ्याने दगा दिला, तेव्हा मोटरसायकल विकून गाडी घेतली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मी अजून मोटरसायकलच चालवतोय. वळणावरची बारीक खडी, चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेला लाल भुगा, वळण्याआधी रिक्षावाल्याची हलणारी मान, सगळं आधीच दिसतं. वीस वर्षं मिरजोळ्याच्या कारखान्यात दुचाकीवरून ये-जा केली, त्याची ही कमाई. काचा वर करून गाणी ऐकत जाणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. मला त्यांचा भयंकर राग येतो.

मुलीला मात्र मी दुचाकीला हात लावू दिला नाही. मी किती वेळा आपटलोय ते मलाच ठाऊक. तिला थेट गाडी शिकवली आणि एकच धडा घोकून घेतला: भीती वाटली की ब्रेक दाब. ती छान शिकली. मग मिरजोळ्यातच नोकरी लागली, आणि बाईसाहेब मैत्रिणीकडून परस्पर शिकून स्वतःच्या पगारातून स्कूटर घेऊन आल्या. माझं कोण ऐकतंय!

पहिल्या दिवशी मी गाडी घेऊन तिच्या मागे निघालो. "बाबा, वरात काढताय काय माझी?" म्हणत ती पुढे झाली.

उतारावर तिच्यापुढे मासळीचा टेम्पो होता. वितळलेल्या बर्फाचं पाणी गळून रस्त्यावर चकचकीत पट्टा उमटत होता. या पाण्यावर ब्रेक लावायचा नाही, हे इथल्या प्रत्येक दुचाकीवाल्याला एकदा पडल्यावर कळतं. तिला मी ते कधी सांगितलंच नव्हतं. वळणावर टेम्पो हळू झाला. हॉर्न वाजवला तर ती दचकून ब्रेक दाबणार, नाही वाजवला तरी दाबणारच. हात हॉर्नवर तसाच राहिला. पुढचं सगळं मला दिसत होतं आणि बंद काचेआड मी काहीही करू शकत नव्हतो. मागून डंपर येत होता. त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही म्हणून गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली, एवढंच सुचलं.

ती पडली. डंपरवाला माझ्यामागे शिव्या घालत थांबला. मी लंगडत तिच्याजवळ पोचलो. कोपर सोललं होतं, ओढणीला बांगड्याचा वास येत होता, बाकी धडधाकट.

"ब्रेक कशाला दाबलास?" मी ओरडलोच.

ती रस्त्यात बसूनच ओढणी पिळत म्हणाली,

"भीती वाटली, बाबा. तुमीच सांगितलंत ना."