मुठीतल्या गोळ्या

मैत्रिणींनो, आज मला माझीच लाज वाटली.

सकाळी आशाताई प्रणाली हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन आली. डोस ठरवायला काठीने माझी उंची मोजली आणि तीन प्रकारच्या गोळ्या हातावर ठेवल्या. "काकू, माझ्यासमोर घ्यायच्या हां!"

मला काही झालेलं नाही, एवढ्या गोळ्या कशाला? मी हात तोंडाशी नेला, घटाघट पाणी प्यायले, गोळ्या मुठीतच. शाळेत सिस्टर जंताच्या गोळ्या द्यायच्या तेव्हाची माझी ही युक्ती. प्रणाली वळताच गोळ्या अबोलीच्या कुंडीत गेल्या.

दुपारी मासेवाली शेवंती आली. तिचा डावा पाय कित्येक वर्षं सुजलेला. पायरीवर बसताना दोन्ही हातांनी उचलून ठेवते.

"बाय, माझी सून गोळ्या घेत नव्हती. प्रणालीन सांगितलान, शिकलेल्या काकूंनी घेतल्यानी. मग घेतलान." पाय चोळत म्हणाली, "माझा काय आता उतरायचा नाय. तिचा तरी चांगला ऱ्हावंदे."

हत्तीपायाचे जंतू अंगात असले तरी वर्षानुवर्षं कळत नाही, आणि मला चावलेला डासच उद्या तिच्या सुनेला चावणार, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच!

प्रणालीला फोन करून खरं सांगितलं. ती रागावली नाही. "जेवलात ना काकू? आलेच."

नव्या गोळ्या घेऊन मी पाणी प्यायले. ती हळूच म्हणाली, "काकू, मूठ उघडा."

बासष्टाव्या वर्षी मी दोन्ही मुठी उघडून दाखवल्या. तुमच्या मुठीत काही नाही ना?