पायाची हळद

मी तुळजाबाई. तेलुगू मुलखात, नेरडीगोंड्याले रस्त्यावर आमचं किराना दुकान हाय. तोंडानं मी फटकळ, असं सारं गाव म्हनते, म्हनू दे. बयनाबाईची गोष्ट मात्र माह्याच तोंडून आयका.

बयनाबाई पैनगंगेपलीकडची, आपल्या मराठी मुलखातली. सत्त्याऐंशी साली तिच्या नवऱ्यानं, भिवाजीनं, इथं भाजीचं दुकान टाकलं अन् ते आमच्या शेजारी राहाले आले. बाकी गल्ली सारी तेलुगू. हिले त्यातला एक शब्द येईन तं शपथ! तरी समोरच्या राजव्वानं हिले जीव लावला. राजव्वा पन्नाशीची, मानाची बाई. वांगे घ्याच्या निमित्तानं रोज येऊन बसे, अन् दोघी हातवारे करून तासन्‌तास बोलत. काय बोलत, देवाले ठाऊक.

मंग राजव्वाच्या पोरीचं लग्न निघालं. आमी दोघी गेलो. तेलुगू लोकांत सवाष्नीच्या पायाले हळद लावतात. आपल्यात कपाळाले, हिले कुठून ठाऊक असनार? मी सांगेपर्यंत राजव्वा वाटी घेऊन खाली बसली अन् सरळ हिच्या पायाले हात घातला. हिले वाटलं, एवढी वडील बाई आपले पाय शिवते! त्यात जन्मभर कपाशीत राबलेले पाय, टाचायले ह्या भेगा. हिनं पाय असा ओढला का वाटी उडून राजव्वाच्या नव्या साडीवर! बायका खो खो हसल्या. बयनाबाई जेवल्याबिगर पळाली.

त्या दिवसापासून तिनं दुकानावर बसनं सोडलं. राजव्वा दिसली का आत. भिवाजीले म्हने, "चला, आपल्या गावाले परत." धंदा आत्ता कुठं जमला होता, थो बिचारा रडकुंडीले आला. मी गेली अन् तिले चांगली झाडली.

"काऊन व, चोरी केली का तू? लपून काऊन बसून राह्यली?"

"तुळजाबाई, इथं थे माह्यी माय झाली होती वो," ती रडू लागली. "तिले मी लाथ मारली, असंच दिसलं साऱ्यायले. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

"नको जाऊ. तिलेच बोलाव. संक्रांत आली, हळदीकुंकू कर. नाई आली, तं खुशाल जा मंग गावाले."

बोलावनं मीच केलं, माह्या मोडक्या तेलुगूत. साऱ्या आल्या, राजव्वा नाई. बयनाबाईचे डोळे दाराकडं. तिळगूळ संपत आला तवा राजव्वा आली. अन् नेसून काय आली? तीच हळदीचे डाग पडलेली साडी! भांडाले आली का काय बाई?

बयनाबाई कपाळ सोडून तिच्या पायाशीच बसली. हळद लावाले गेली, तं राजव्वानं पाय झटकला. वाटी उडाली, बयनाबाईची साडी पिवळी झाली. बयनाबाईचं तोंड पांढरंफटक. अन् राजव्वा? पदर तोंडाले लावून हसून राह्यली होती. मुद्दाम उडवली होती बाईनं!

मंग ती खाली बसली. सांडलेली हळद बोटायनं टिपली अन् बयनाबाईचे पाय आपल्याकडं ओढले. भेगाभेगांत हळद भरली. बयनाबाई ढसाढसा रडत होती. पाय मात्र तिनं मांगं घेतले नाई.