जावयाचं वाण

अधिक महिन्यातल्या एका रविवारी आमच्या इंदिरानगरच्या फुटबॉल क्लबात आजी विरुद्ध माजी खेळाडू असा सामना रंगला. आम्हा माजींना पेनल्टी मिळाली. मारायला मी, आणि गोलात उभा माझा जावई! त्याने आधी पुढे येऊन मला वाकून नमस्कार केला. मैदानात कसला सासरा आणि कसला जावई, म्हणत मी जीव खाऊन लाथ हाणली. चेंडू सरळ त्याच्या हातात जाऊन बसला.

घरी पोचेपर्यंत क्लबच्या ग्रुपवर बातमी झळकली होती: 'माजी खेळाडूने जावयाला वाण दिले.'

मी भडकलो. अरे, कोपऱ्यातच मारला होता, वाऱ्याने वळला!

बायकोने बातमी शांतपणे वाचली आणि कढईखालचा गॅस बंद केला.

"दिलंत ना वाण? मग आता अनारसे कशाला तळू?"