करवतीचा पडदा

पेट्रोलमध्ये तेल मिसळले की एक जडसर, किंचित गोड वास उठतो. त्यात ओल्या लाकडाच्या भुशाचा तुरट गंध मिसळला म्हणजे माझ्या उमेदीच्या वर्षांचा वास तयार होतो. तुम्हाला तो कदाचित दुर्गंध वाटेल. कुणाच्या आठवणींना मोगरा असतो, कुणाच्या केवडा. माझ्या वाट्याला हा आला. फाल्गुनातल्या एका सकाळी मी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली करवत खाली काढली आणि गाठ सोडताच तो वास, इतक्या वर्षांच्या धुळीखालून, घरच्या माणसासारखा न विचारता आत आला.

ही पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी पर्यवेक्षक म्हणून आयुष्य घालवले, तिथल्या भंगाराच्या लिलावात ती मी घेतली. वादळात उन्मळलेली किती झाडे तिने रस्त्यातून दूर केली! बेलवलीतल्या आमच्या गल्लीत झाड पडले की लोक आधी माझे दार वाजवीत, नगरपालिकेचे मागाहून. पुढे झाडे उणावली, इमारती वाढल्या आणि करवत माळ्यावर गेली. आता तिचे काम पुन्हा निघाले होते. परसातले जांभळाचे झाड पुराच्या वर्षी मुळांखालची माती खचून कलले, ते दर पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या पत्र्याकडे अधिकाधिक वाकत चालले. बुंधा आतून पोकळ. तोडण्याची परवानगी मिळाली. नगरपालिकेतल्या कारकुनाने मला सही दोनदा करायला लावली, त्याची नजर अधू असावी. पावसाआधी झाड उतरवणे प्राप्त होते आणि ते मीच उतरवणार, याविषयी मला संदेह नव्हता. झाडे उतरवण्याचाच ज्याचा व्यवसाय, तो गावातला बाळाराम कुंपणाशी येऊन म्हणाला, "बाबा, तुमी खुर्ची टाकून बसा, आमी पारतो झार." मी त्याला परत पाठवले. आपल्या परसातले झाड दुसऱ्याने पाडावे आणि आपण खुर्चीत बसून पाहावे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

करवत मात्र सुरू होईना. कार्ब्युरेटर उघडला तेव्हा कारण सापडले. त्यात एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ; इंजिनाच्या श्वासाबरोबर तो आत-बाहेर होतो आणि प्रत्येक श्वासाला पेट्रोलचा एक घोट पुरवतो. तो वाळून पत्र्यासारखा कडक झाला होता. वापरलेली वस्तू झिजते हे सर्वांस ठाऊक असते. न वापरलेली वस्तू ताठर होते, हे मात्र ती उघडून पाहिल्यावाचून कळत नाही. पोलाद, दाते, साखळी, सारे शाबूत. आणि एवढ्याशा पापुद्र्यावाचून सारे निरर्थक! तेवढे उघडतानाही स्क्रू वारंवार हातून निसटत होते. हल्ली वस्तू फार बारीक वाटतात. पण हे स्क्रू तर जुनेच होते. मी त्याचा अधिक विचार केला नाही.

वाळलेला पडदा नमुना म्हणून कागदात घेतला आणि उल्हासनगर गाठले. विठ्ठलवाडीला उतरून बाजाराच्या बोळात शिरले की आसनदासचे दुकान. पंप, जनरेटर, करवती, फवारणीची यंत्रे, या सर्वांचे अवयव त्या अरुंद जागेत छतापर्यंत टांगलेले असतात आणि त्यांच्याखाली माझ्याच वयाचा हा सिंधी गृहस्थ गल्ल्याशी बसलेला असतो. कारखान्याच्या दिवसांपासूनची ओळख. नमुना नुसता बोटांत धरून तो कोणत्या यंत्राचा हे सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी मी पाहिला नाही. त्याने पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिले, चहा मागवला आणि एक पुडी दिली. "ले जाओ दादा, बसणार. नाही बसला तर परत या ना, दुकान कुठे पळतंय?"

बसला नाही. पडदा मोठा होता.

दुसऱ्या खेपेला आकार जुळला, भोके जुळली नाहीत. तिसऱ्या खेपेला त्याने दिला तो फवारणी पंपाचा निघाला. प्रत्येक वेळी चहा आला आणि माझ्यापुढे आला तो पेला अर्धाच भरलेला. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकांचे पेले काठोकाठ. व्यापारात मनुष्य काटकसरी होतो असे म्हणून मी ते सोडून दिले. पण डोळा न चुकणारा हा माणूस एकाच नमुन्याला तीनदा कसा चुकतो, हे काही केल्या उलगडेना. मी चुकीचा नमुना नेला होता काय? की वयोमानाने त्याचीही दृष्टी गेली? म्हातारपणी माणसाला दुसऱ्याचेच म्हातारपण आधी दिसते.

घरातही काही विपरीत चालले होते. करवतीच्या स्टार्टरची दोरी धुऊन मी खिडकीत वाळत ठेवली होती, ती नाहीशी झाली. दोन दिवसांनी ती लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला आवळून बांधलेली आढळली. माझी पत्नी सुमती शांतपणे म्हणाली, "सुतळी समजले मी." जिच्या हातून आजवर चमचाही जागा चुकला नाही, तिला नायलॉनची दोरी सुतळी वाटावी? मग प्लगचा पाना तांदळाच्या डब्यात निघाला. मी मनाशी निष्कर्ष काढला की हिला झाडाची माया सोडवत नाही. त्या जांभळाखाली तिने उन्हाळ्याचे पापड वाळवले, निळ्या डागांच्या चादरींवरून दरवर्षी त्याला शिव्या दिल्या. अशी शिवीगाळ जिथे असते तिथे जीव असतोच. मी म्हणालो, "झाड पोकळ आहे. पत्र्यावर येईल." ती म्हणाली, "झाडाचं मला सांगू नका. मी कुठं नाही म्हणतेय?" मग कशाला नाही म्हणत होती? विचारायला हवे होते. विचारले नाही.

चौथ्या खेपेला मी आसनदासला खडसावले. "शेठ, आयुष्य या पुर्ज्यांत गेलं तुमचं. नमुना समोर असताना चुकता? नसेल तर नाही म्हणा, मी मुंबईला जातो." दुकानात दोन गिऱ्हाइके होती; ती वळून पाहू लागली. आसनदासने गल्ला उघडला, चिल्लरच्या मागून एक छोटी पुडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. बरोबर पडदा. भोकांसकट.

"पहले दिन से इधरही था, दादा."

"मग दिला का नाही?"

आवाज खाली आणून तो म्हणाला, "गिलास देखो ना साईं, अपना गिलास."

मी पाहिले. अर्धा पेला माझ्या हातात होता आणि त्यातला चहा, कुणी टेबल हलवीत असावे तसा, सारखा काठाशी जात होता, परत येत होता. टेबल कुणी हलवीत नव्हते. "पहले भरके देता था, आप का शर्ट खराब होता था," तो म्हणाला. "मग मी पोराला बोललो, दादाला आधाच द्यायचा. और आप बोलते हो, झाडावर मशीन चलाएंगे."

पुडी खिशात घालून मी निघालो. विठ्ठलवाडीच्या बस डेपोपाशी बराच वेळ उभा राहिलो, कुठल्याही गाडीसाठी नव्हे. संतापालाही एक पत्ता लागतो. माझ्या संतापाला तो सापडेना. ज्याने फसवले त्याच्यावर रागवावे, तर त्याने माझे काय लुबाडले? स्वतःवर रागवावे, तर कोणत्या अपराधासाठी? आणि सर्वांना दिसलेली गोष्ट, जिच्या अंगाला ती आहे त्यालाच दिसू नये, ही कोणती रचना? आयुष्यभर मी यंत्रांचा कंप तपासला. बेअरिंग गेले की धक्का कुठून येतो, हे तळवा ठेवून सांगत असे. तोच तळवा!

दुसऱ्या दिवशी परसात पाट मांडून पडदा बसवायला घेतला. सुमती येऊन समोर बसली. स्क्रू पडला की ती उचलून हातात देई. पुन्हा पडला की पुन्हा देई. पेट्रोलमध्ये तेल मिसळले, दोरी ओढली. पुन्हा ओढली. आणि ती करवत एकदम खोकून, धूर सोडून जिवंत झाली! वर जांभळावरचे पक्षी उडाले, शेजारच्या गच्चीवरून कुणी डोकावले. मी ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. खरे सांगतो, त्या धडधडीत मला माझे हात स्थिर वाटले. यंत्राचा कंप इतका मोठा होता की त्यात माझा कंप बुडून गेला. हाच तो धोका असतो, हे मी कारखान्यात कितीजणांना शिकवले होते?

झाडाकडे एकदा पाहिले आणि करवत बंद केली. यंत्र थांबवल्यावर त्यावर हात ठेवून ते पूर्ण निवेपर्यंत उभे राहायचे, ही जुनी सवय. ठेवला. धातूतली थरथर ओसरली, विरली, थांबली. हाताची थांबली नाही. दोहोंतले यंत्र कोणते आणि कारागीर कोणता, याचा मला त्या क्षणी निश्चय करता येईना. अजूनही येत नाही.

"बाळारामला निरोप पाठव," मी म्हणालो. "रविवारी ये म्हणावं. करवत माझी वापरायची. आणि पहिला घाव कुठं घालायचा ते मी सांगणार."

"खुर्ची काढून ठेवते," सुमती म्हणाली आणि आत गेली.

ती चहा घेऊन आली. कप हातात घेताना मी प्रथमच नीट पाहिले: अर्धा. केव्हापासून? गेल्या महिन्यापासून, की गेल्या वर्षापासून? ती जांभळाकडे पाहत होती. मी विचारले नाही. कप ओठांशी नेला; बोटांना पेट्रोलचा, तेलाचा तो जडसर गोड वास येत होता. एक थेंबही सांडला नाही.