चोरीचं कोर्ट आणि आर्डिथ

वेल्टनचं कोर्ट चोरीचं आहे, हे वेल्टनमधलं शेंबडं पोरसुद्धा छाती काढून सांगेल. काउंटीचं ठाणं, म्हणजे जिल्ह्याचं मुख्य गाव, पूर्वी शेजारचं सायलस होतं. ठाणं ज्या गावात, तिथे वकील, खानावळी, दुकानं. दुसऱ्याच्या नशिबी धूळ. म्हणून मतदान झालं, वेल्टन जिंकलं. सायलसवाले म्हणाले, मतं खोटी आहेत. होतीच खोटी, पण ते जाऊ द्या. एका जानेवारीत, रविवारी सकाळी सगळं सायलस चर्चमध्ये असताना, वेल्टनच्या लोकांनी त्यांचं लाकडी कोर्ट उचलून घसरगाडीवर चढवलं, बैल जुंपले आणि बर्फावरून अख्खं ओढून आणलं. आत म्हणे एक कारकून झोपला होता. तो वेल्टनमध्ये जागा झाला आणि इथंच नोकरीला लागला.

ते लाकडी घर आजही चौकात, घुमटाच्या नव्या कोर्टामागे उभं आहे, आणि उन्हाळ्यातल्या दर शनिवारी पाहुण्यांना त्याची गोष्ट सांगते ती आर्डिथ कुनेश. आर्डिथचा बाप चौकातल्या बेकरीत कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भाजायचा. तिचा स्वतःचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपाचं काम करण्यात गेला. त्यामुळे अर्धं गाव तिच्या हातचं जेवलेलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर न्यायाधीश भेटले तरी ती विचारणार, "काय रे, आता तरी गाजर खातोस का?" निवृत्त झाल्यावर तिनं हे पाहुण्यांचं काम धरलं, कारण दुसरं कुणी करेना. पगार नाही, काही नाही. पण बाई अशी रंगवून सांगते की लोक जुन्या तुरुंगाच्या दोन कोठड्या आणि बँडचा मांडव बघायचं विसरून तिच्याकडेच बघत राहतात.

या कार्यक्रमात आणखी एक जण ठरलेला, तो वेंडेल प्रोखास्का. सायलसचा निवृत्त पोस्टमन. दर शनिवारी मुद्दाम गाडी हाकत यायचा, बाकावर ठाण मांडायचा, आणि आर्डिथ कोर्ट पळवणाऱ्यांच्या म्होरक्यापाशी येऊन "पुढे होते कर्नल बोगार्डस" म्हणाली की ओरडायचा, "चोर! दरोडेखोर!" आर्डिथ म्हणायची, "हे बघा मंडळी, सायलसमध्ये एवढंच शिल्लक राहिलं!" पाहुणे हसून लोटपोट. वर्षानुवर्षं हा खेळ चालू होता.

यंदा जुलैत मात्र आर्डिथ म्हणाली, "पुढे होते…" आणि थांबली. नाव येईना. तोंडात पाणी यावं तसं नाव ओठांवर यायचं, ते आलंच नाही. पाहुणे वाट बघत उभे. वेंडेलनं मान खाली घातली, आणि अगदी हळू म्हणाला, "बोगार्डस, आर्डिथ."

ना चोर, ना दरोडेखोर. नुसतं नाव, तेही मायेनं. वैऱ्याला आपली कीव यायला लागली म्हणजे आपलं संपलंच की!

तिला आठवली आई. आई शेवटची दोन वर्षं तिला नर्सबाई म्हणायची, आणि जाताना आभारही मानले ते नर्सबाईचे. आर्डिथला आता सगळं दिसायला लागलं. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या होत्या. कॉफीत मीठ पडलं होतं. शेजारणीच्या नातवाचं नाव दोनदा चुकलं होतं. नवऱ्याला, लाइलला, तिनं अवाक्षर सांगितलं नाही. तो बिचारा हळवा, उगाच जिवाला लावून घेईल. "गुडघा दाखवायचाय," असं खोटं सांगून ती शहरातल्या डॉक्टरकडे गेली. गावात गेली असती तर संध्याकाळपर्यंत बेकरीत चर्चा!

डॉक्टर तरुण बाई होती. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले, रक्त घेतलं. मग म्हणाली, "आर्डिथ, तुम्ही कोणकोणत्या गोळ्या घेता? विकतच्यासुद्धा सगळ्या सांगा."

आर्डिथनं पर्स पालथी केली. शिंकांवरच्या गुलाबी गोळ्या निघाल्या. मे महिन्यात गवताच्या परागांचा त्रास सुरू झाला तेव्हापासून रोज रात्री दोन. "झोप काय छान लागते म्हणून सांगू!"

"त्याच बंद करा. तुमच्या वयात या गोळ्या डोक्यात धुकं करतात. तीन आठवड्यांनी परत या."

ते तीन आठवडे आर्डिथनं कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. शिंकून शिंकून नाक लाल झालं, पण गोळीला हात लावला नाही. परत गेली तेव्हा सगळे शब्द सांगितले, उलटे, सुलटे, आणि वर डॉक्टरला कोलाच्यांची कृतीही. डॉक्टर हसली. "डोकं ठणठणीत आहे. दोष गोळ्यांचा होता."

आर्डिथ बाहेर आली ती पाय जमिनीला न लागता. लाइल गाडीत बसला होता. गाव जवळ आलं तेव्हा तिला राहवेना. "लाइल, ऐक. गुडघा नव्हता दाखवायचा. डोकं दाखवायचं होतं. काही झालेलं नाही. गोळ्या होत्या मेल्या!"

लाइलनं मक्याच्या शेताकडेला गाडी थांबवली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडायला लागला.

"अरे! तुला काय झालं?"

"मला माहीत होतं गं, आर्डी. मेपासून. किल्ल्या मीच काढायचो ना फ्रिजमधून. तू घाबरशील म्हणून बोललो नाही. जुलैत वेंडेलकडे गेलो होतो. म्हटलं, यंदा तिला छेडू नकोस."

"तू सायलसला जाऊन सांगितलंस? सायलसला?" आर्डिथ उसळलीच. "नवरा आहेस की फितूर?"

"मग कुणाकडे रडू? गावात रडलो असतो तर तुझ्या कानावर आलं असतं." लाइलनं बाहीनं नाक पुसलं. "मला वाटलं, तू मला विसरणार. एक दिवस उठशील आणि विचारशील, हा म्हातारा कोण."

आर्डिथनं त्याचा कान धरला. "पन्नास वर्षं तुला विसरायला बघतेय, मेल्या. जमलं का मला? नाही ना? मग चल, चालव गाडी."

पण गाडी काही लगेच सुरू झाली नाही. दोघंही हसत होती, रडत होती, आणि लाइलचा कान अजून तिच्याच हातात होता.