चुन्याच्या रेघेपलीकडचा वर्ग

आमच्या गावात अजून सांगतात, सईदाखाला छुपी बी.ए. आहे. कोरोनात शाळेला कुलूप असताना तिनं आत पोरं कोंडून वर्ग भरवला म्हणे, इंग्रजीसकट.

साफ खोटं. खाला अंगठा लावते. दिंद्रुडजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत ती बारा वर्षं खिचडी शिजवत होती, एवढंच. आणि कुलूपही अर्धंच खरं. शाळा आम्हा पोरांना बंद झाली. पण त्याच उन्हाळ्यात कारखान्यांवरून परतलेल्या ऊसतोड टोळीला चौदा दिवस तिथंच ठेवलं. म्हणजे दर दिवाळीला वर्गातून गायब होणारी पोरं नेमकी आत, आणि आम्ही बाहेर! आमचं घर शाळेला लागून. मी भिंतीवर बसून सगळं ऐकायचे.

टोळीचं जेवण खालाकडे आलं. व्हरांड्यात चुन्याची रेघ मारलेली. भाकरीची टोपली रेघेवर ठेवून ती मागं सरकायची, मग पलीकडचे उचलायचे. पलीकडं टोळीतल्या तात्याबाची मोहिनी बसून असायची. नऊ वर्षांची.

"खाला, गुर्जी कवा येतेत?"

"गुर्जी चेकपोस्टावर उभे हायेत, बेटा. गाड्या आडवायलेत."

"मंग मला पाढे कोन शिकवन?"

खालाची चूल चौथीच्या खिडकीखाली. कांदा चिरता चिरता बारा वर्षांचे पाढे तिच्या कानात जाऊन बसलेले. कान तर असा, की माझ्यासारख्या नकलाखोर पोरीनं पाय धरावेत. तिनं थेट चौथीच्या आप्पा गुरुजींचा आवाज लावला, नाकातला, खोकल्यासकट.

"सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, अंहं-अंहं, सटवा, खिडकीभाईर कामून बघतो रे, सतरा त्रिक एक्कावन्न..."

मी भिंतीवरून पडायचीच राहिले. यातला पाढा कुठला आणि गुरुजी कुठले, हे खालाला वेगळं करता येत नव्हतं. पोरांनीही तसंच पाठ केलं. भर दुपारी बारा पोरं एका सुरात खोकायची आणि एका सुरात सटवाला झापायची. तो सटवा तर कधीच शाळा सोडून गेवराईत ट्रॅक्टर दुरुस्त करत होता!

खांबाला टेकलेला तात्याबा एकदा म्हणाला, "माज्या पोरीचा आवाज एवढा मोठा हाय, मला म्हाईतच न्हवतं."

आता मी माजलगावला अकरावीत आहे. आमच्या वर्गात पंखे आहेत, फळा पांढरा आहे. पण तसली दुपार, तो ओल्या चुन्याचा वास आणि तो बारा जणांचा खोकला पुन्हा कुठं मिळाला नाही.

दसरा झाला तरी शाळा बंदच. टोळीची पुन्हा निघायची तयारी सुरू झाली. खालाला एकच घोर: मोहिनी यंदाही फडावर गेली, तर पुढच्या वर्षी हातात कोयता येणार आणि पुस्तक संपणार. चार संध्याकाळी ती तात्याबाच्या दारात जाऊन आली. त्याचं ठरलेलं उत्तर: "शाळाच बंद हाय, खाला. हितं ठिवून काय करू?"

मी म्हणाले, "न्हाई ठिवत तो. लाव पैज!"

मी हरले तर शाळा उघडल्यावर महिनाभर खिचडीचं पातेलं मी घासायचं. ती हरली तर तिनं सरपंचासमोर सरपंचाचीच नक्कल करायची.

निघायच्या सकाळी मोहिनी ट्रकमध्ये बोचक्यांवर बसलेली, मांडीवर चार वर्षांचा भाऊ सत्यम. खाला ट्रकला जाऊन भिडली.

"तात्याबा, तिथं पोरीचं काम काय?"

"सत्यमला कोन बघन? आमी दोघं फडात."

"मंग त्याला बी दे. दोघं माज्या घरी ऱ्हातील."

तात्याबानं बायकोकडं पाहिलं. गीताबाईनं डोळ्याला पदर लावला आणि सत्यमला उचलून खालाच्या हातात दिलं. मग तात्याबानं मोहिनीला खाली उतरवलं.

"खाला, हिला पहाटं उठवू नको. फडात चारला उठती. झोपू दे जरा."

ट्रक गेला. खाला सत्यमला कडेवर घेऊन वळली, माझ्यासमोर थांबली.

"राखेनं घासायचं बरं का. साबण न्हाई चालनार."

खिचडी पुन्हा सुरू झाली तोवर मी सातवीत गेलते. ते पातेलं एवढं खोल, की घासायला मला आत उतरावं लागायचं.